मीटर २८ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा का लागत नाही?

एक साधे कोडे घेऊ. एका लहान विमानातला दिवा लागत नाही. त्या विमानाच्या विद्युत परिपथाचे विभवांतर आहे २८ व्होल्ट. तंत्रज्ञाने दिवा काढला आणि त्याच्या होल्डरमध्ये मीटरची दोन टोके लावून पाहिली. मीटरने बरोबर २८ व्होल्ट दाखवले. मग दिवाच गेला असेल म्हणून नवा बसवला, तर तोही लागेना! दिवा चांगला आहे, वीज पोचते आहे असे मीटर सांगतो आहे, आणि उजेड मात्र नाही. दोष कोठे असेल?

पुढे वाचण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा आणि विचार करा. हे कोडे सोडवायला दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम पुरेसा आहे. आणि विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाच्या शिक्षणाचे मर्मही याच कोड्यात आहे.

विमानातील इलेक्ट्रॉनिक्सला ‘एव्हिऑनिक्स’ म्हणतात. वैमानिकाचा रेडिओ, दिशा व मार्ग दाखवणारी उपकरणे, उंची व वेग मोजणाऱ्या यंत्रणा, स्वयंचलित चालक आणि या सर्वांना जोडणाऱ्या मैलोन्‌मैल तारा, हे सारे त्यात येते. यांची तपासणी व दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ अमेरिकेत बहुधा दोन ठिकाणी तयार होतो : सैन्यदलात किंवा कम्युनिटी कॉलेजात. यांपैकी दुसरी वाट आपण पाहू.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

आपली औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन आणि पदवी महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे एका आवारात आणली, तर जे होईल ते साधारणपणे कम्युनिटी कॉलेज. यातले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज म्हणजे इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील. ते १९०१ साली सुरू झाले. आज अमेरिकेत अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या बहुतेक कोणालाही तेथे प्रवेश मिळतो आणि फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे एकाच बाकावर अठरा वर्षांचा मुलगा, दिवसा नोकरी करणारी बाई आणि सैन्यातून परतलेला चाळिशीचा गृहस्थ शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

कोणते अभ्यासक्रम चालवायचे, हे बऱ्याच अंशी परिसरातील कामधंद्यावर ठरते. ॲरिझोनातील टूसॉन हे वाळवंटी शहर. तेथील कोरड्या हवेत धातू लवकर गंजत नाही, म्हणून वापरातून काढलेली शेकडो विमाने तेथे ठेवली जातात आणि त्याबरोबर दुरुस्तीचे उद्योगही वाढले आहेत. साहजिकच टूसॉनच्या पिमा कम्युनिटी कॉलेजात विमानदुरुस्तीचे शिक्षण मिळते. एव्हिऑनिक्सचे शिक्षण सर्वसाधारणपणे दोन प्रकारे घेता येते. साधारण वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, किंवा दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी असते. सुरुवात एकदिश आणि प्रत्यावर्ती विद्युतधारेपासून होते. मग अर्धवाहक, अंकीय मंडले, रेडिओ, विमानातील यंत्रणा, तारांची जोडणी आणि शेवटी कायदे व नोंदी.

यातला बराच भाग शाळेच्या भौतिकशास्त्राचाच पुढचा टप्पा असतो. एक उदाहरण पाहा. आपल्या घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. मोठ्या विमानांत मात्र परंपरेने ११५ व्होल्टची, ४०० हर्ट्झची वीज वापरतात. का बरे? वारंवारता आठपट झाली, की तेवढ्याच वेढ्यांत तेवढेच विभवांतर निर्माण करायला चुंबकीय प्रवाह एक-अष्टमांश पुरतो. म्हणून रोहित्राच्या लोखंडी गाभ्याचे क्षेत्रफळही एक-अष्टमांश चालते. विमानात प्रत्येक किलोग्रॅम उचलायला इंधन जळते. फॅरेडेचा नियम येथे वजन वाचवतो!

कोड्याचे उत्तर

आता आपल्या दिव्याकडे वळू. समजा, दिवा ५६ वॅटचा आहे. २८ व्होल्टवर त्यातून २ अँपिअर धारा वाहायला हवी, म्हणजे त्याचा रोध १४ ओहम. (तापमानानुसार तंतूचा रोध बदलतो, तो बदल सध्या सोडून देऊ.) तारेच्या वाटेवर कोठेतरी एक जोड गंजला आहे आणि त्याचा रोध १२६ ओहम झाला आहे. मग एकूण रोध झाला १४० ओहम आणि धारा केवळ ०.२ अँपिअर. दिव्याच्या वाट्याला येतात २.८ व्होल्ट आणि सुमारे अर्धा वॅट. दिवा लागणार कसा?

पण मग मीटरने २८ व्होल्ट कसे दाखवले? कारण त्या वेळी दिवा काढलेला होता. चांगल्या अंकीय मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहम असतो. त्यातून जवळजवळ धाराच वाहत नाही. धारा नाही, म्हणजे गंजलेल्या जोडावर विभवांतर पडत नाही. एक कोटी ओहमपुढे १२६ ओहम म्हणजे दर्यात खसखस! मीटर खोटे बोलला नाही. आपण त्याला चुकीच्या वेळी प्रश्न विचारला.

योग्य रीत अशी. दिवा जागेवर ठेवायचा, परिपथ चालू ठेवायचा आणि प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मीटरची टोके लावत जायचे. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात. गंजलेल्या जोडावर दिसतील २५.२ व्होल्ट. दोष सापडला! ‘यंत्र ज्या अवस्थेत काम करते, त्याच अवस्थेत ते मोजा’ हा कार्यशाळेतला महत्त्वाचा धडा आहे.

ब्रेकर गप्प का राहतो?

दिवा न लागणे ही तशी किरकोळ गोष्ट. आता दुसरा जोड घ्या. त्याचा रोध आहे फक्त अर्धा ओहम आणि त्यातून एखाद्या पंपाची १० अँपिअर धारा वाहते आहे. धारेचा वर्ग गुणिले रोध केले, की ५० वॅट येतात. एका छोट्या जागेत, तारांच्या जुडग्याच्या आत, सोल्डरिंगची इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखेच हे झाले. आणि सर्किट ब्रेकर? तो गप्प बसतो, कारण त्याला धारा जास्त झाली तरच कळते. येथे धारा जास्त नाहीच.

घासून उघड्या पडलेल्या तारेतून ठिणग्या उडतात तेव्हाही असेच होऊ शकते. ठिणगी क्षणभराची असते, ब्रेकर पडण्याइतका वेळ धारा वाढलेली राहत नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघाले आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे गेली. कॅनडाच्या तपास मंडळाचा अहवाल २००३ साली आला. वैमानिककक्षाच्या वरच्या भागातील तारांमध्ये उडालेल्या ठिणग्यांनी जवळचे ज्वलनशील आवरण पेटले असावे आणि तेथून आग पसरली असावी, असा त्याचा निष्कर्ष होता.

म्हणूनच या शिक्षणात तारा बांधण्याला फार महत्त्व आहे. तार सोलताना आतला एकही धागा तुटता कामा नये. टोकावरची खोळ ठरावीक हत्याराने, ठरावीक दाबानेच आवळायची. तारांचे जुडगे धातूच्या कडेवर घासणार नाही अशा अंतराने पकडी लावायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे शिवणकामासारखे वाटेल. पण टाका चुकला तर येथे नुसता कपडा उसवत नाही.

हवेचा दाब आणि एक चिकटपट्टी

विमानाच्या अंगावर काही बारीक छिद्रे असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब आतल्या उपकरणांपर्यंत पोचतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो, त्यावरून उंची कळते. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब आणि हा स्थिर दाब यांच्या फरकावरून वेग कळतो.

ढगांतून केवळ उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांची ही यंत्रणा अमेरिकेतील नियमांनुसार दर २४ महिन्यांनी तपासावी लागते. त्यातली एक चाचणी शाळेतल्या प्रयोगासारखीच आहे. ज्या विमानांच्या कक्षातील हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवला जात नाही, त्यांच्या नळीतली हवा पंपाने थोडी काढतात. उंचीमापक १,००० फूट चढला की पंप बंद करतात आणि एक मिनिट थांबतात. त्या मिनिटात काटा १०० फुटांपेक्षा जास्त उतरला, तर नळीत गळती आहे असे समजायचे.

काम संपल्यावर ती छिद्रे मोकळी करणे हाही चाचणीचाच भाग. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरू कंपनीचे ६०३ क्रमांकाचे विमान रात्री लिमाहून निघाले. विमान धुताना या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसू लागले. बाहेर अंधार, खाली समुद्र. वैमानिकांनी जमिनीवरील नियंत्रकाला उंची विचारली. त्याने आपल्या पडद्यावर पाहून ती सांगितलीही. पण तो आकडा विमानातील ट्रान्सपॉन्डर या उपकरणानेच पाठवलेला होता आणि ट्रान्सपॉन्डरला तो मिळाला होता त्याच झाकलेल्या छिद्रांमधून! विमानातील सर्व ७० जण मृत्युमुखी पडले.

यातली विज्ञानाची गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन आकडे जुळले म्हणजे ते खरे असतातच असे नाही. दोन्ही एकाच उगमातून आले असतील, तर ती एकच साक्ष दोनदा ऐकल्यासारखे होते. पडताळा घ्यायचा तो स्वतंत्र मार्गाने.

परीक्षा आणि सही

शिक्षण घेता घेता बरेच विद्यार्थी अमेरिकेच्या संचार आयोगाच्या रेडिओ परवान्याची परीक्षा देतात. त्यात कायदे व कार्यपद्धतीवर २४ प्रश्न असतात, १८ बरोबर यावे लागतात. इलेक्ट्रॉनिक्सवर १०० असतात, त्यांतले ७५. एकदा मिळालेला परवाना आयुष्यभर चालतो. गंमत म्हणजे अमेरिकेत विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी परवाना आहे, पण एव्हिऑनिक्सचा असा वेगळा परवाना नाही. हे तंत्रज्ञ बहुधा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्रात, त्या केंद्राच्या जबाबदारीखाली काम करतात. भारतात मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्यात एव्हिऑनिक्ससाठी ‘बी-२’ हा स्वतंत्र वर्ग आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेले विद्यार्थी महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थांत त्याचे शिक्षण घेऊ शकतात. आपल्याकडे मुंबईत आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमानांची देखभाल होते, तेव्हा ही वाट मराठी मुलांना परकी नाही.

परवाना कोणताही असो, कामाचा शेवट सहीने होतो. काय दोष होता, काय केले, कोणत्या तारखेला केले, हे नोंदवहीत लिहून त्याखाली नाव घालायचे. त्या सहीवर विसंबून अनोळखी माणसे विमानात बसतात.

आपल्या वर्गात

आता थोडे आपल्या प्रयोगशाळेकडे पाहू. प्रात्यक्षिक परीक्षेत अनेक विद्यार्थी आधी उत्तर पाहतात आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे लिहितात. आपणही ‘उत्तर बरोबर आले ना?’ असेच विचारतो. आलेख सरळ रेषेत आला, की पूर्ण गुण! विमानाच्या कार्यशाळेत हीच सवय सर्वांत धोक्याची ठरते. तेथे न जुळणारे निरीक्षण हीच कामाची गोष्ट असते, कारण दोषाचा माग तेथूनच लागतो.

यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. दोन सेल, टॉर्चचा तंतू असलेला जुन्या प्रकारचा बल्ब (एलईडी नको), १०० ओहमचा एक रोधक आणि एक अंकीय मल्टिमीटर घ्या. रोधक कागदाच्या नळीत लपवून तारेच्या मध्ये जोडा. मुलांना सांगा, ‘बल्ब लागत नाही, दोष शोधा.’ बहुतेक जण बल्ब काढून होल्डरवर मीटर लावतील आणि सुमारे ३ व्होल्ट पाहून गोंधळतील. लगेच उत्तर सांगू नका. प्रत्येकाने काय मोजले आणि ते मोजताना बल्ब जागेवर होता की नव्हता, हे वहीत लिहायला लावा. खाली सही करायला लावा.

आणि या वेळी गुण द्यायचे ते दोष सापडला की नाही यावर नव्हे, तर मीटरवर जे दिसले तेच वहीत उतरले आहे की नाही, यावर.