वाळवंटातली शिकार: आधी पाणी, मग मेंढा

शिकार म्हटलं की आपल्याला मचाण आणि राजेरजवाड्यांचे जुने फोटो आठवतात. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून तो विषय जवळपास संपलाच. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात मात्र शिकार कायदेशीर आहे, आणि माझ्या टीममधल्या एकाला यंदा डेझर्ट बिगहॉर्न मेंढ्याचा टॅग लागलाय. मी बंदूक धरत नाही. पण नकाशे आणि पाण्याचा हिशोब माझ्याकडे आलाय, म्हणून आजचा भाग त्यावर.

टॅग म्हणजे एका जनावराचा परवाना, आणि तो सोडतीत लागतो. दर वर्षी अर्ज करायचा, नाही लागला की एक बोनस पॉइंट. जितके पॉइंट, तितके जादा रँडम नंबर, आणि त्यातला सगळ्यात लहान नंबर तुमचा. (शेजारच्या नेवाडात पॉइंटचा चक्क वर्ग करतात! अल्गोरिदमवाल्यांनी जरूर वाचा.) आमच्या या गड्याने कित्येक वर्षं वाट पाहिली. टॅग लागला की साठलेले पॉइंट जातात, मेंढा मिळो न मिळो. आणि मिळाला, तर आयुष्यात दुसरा डेझर्ट बिगहॉर्न मारता येत नाही.

जागा आहे कोफा, युमाच्या उत्तरेला. 1939 मध्ये याच मेंढ्यांसाठी राखलेलं अभयारण्य. ज्वालामुखीच्या खडकाचे उभे सुळके, घळी, काटेरी चोया निवडुंग. गाडी ठरलेल्या रस्त्यावरच ठेवायची, पुढे पायी. मोबाइलची रेंज धरायची नाही, नकाशे आधीच डाउनलोड करायचे.

आता पाणी. माणशी दिवसाला किमान चार लिटर धरा. दोघं, पाच दिवस, म्हणजे 40 लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे नुसतं पाणीच 40 किलो! मग सगळं गाडीत ठेवून रोजचं तेवढं पाठीवर घ्यायचं. आपल्या किल्ल्यांवर असतात तशी खडकातली नैसर्गिक टाकी इथेही आहेत, पण ते पाणी जनावरांचं. त्यांची वाट अडेल अशा ठिकाणी, पाण्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम ठोकणं कायद्याने बंद आहे. म्हणून तंबूची जागा मी नकाशावर आधी टाकी खुणावून, त्यांच्याभोवती 400 मीटरचं वर्तुळ काढून ठरवली.

शोधायचं काम बसून होतं. ट्रायपॉडवर दुर्बीण लावायची आणि समोरचा डोंगर पट्ट्यापट्ट्याने तपासायचा. मेंढ्याचा रंग खडकासारखाच, त्यामुळे बहुतेक वेळा आधी दिसतो तो त्याचा पांढरा पुठ्ठा. त्याची नजर आपल्यापेक्षा कितीतरी तेज, त्यामुळे त्याने तुम्हाला आधी पाहिलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

माझ्या मते खरा प्रश्न यानंतरचा आहे. डिसेंबरात तिथे उजेड जेमतेम दहा तास. समजा, दुपारी तीनला मोठ्या शिंगांचा नर कड्यावर दिसला. गोळी लागली आणि तो घळीत कोसळला तर? खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हा आहे. मांस, कातडं, शिंगांसकट डोकं एका खेपेत उतरत नाही, आणि अंधारात त्या कड्यावर पाय घसरला तर मदत यायला सकाळ उजाडेल. इतक्या वर्षांच्या पॉइंटचा हिशोब डोक्यात असलेला माणूस त्या क्षणी थांबेल, यावर माझा विश्वास नाही. तो चांगला माणूस आहे, तरीसुद्धा नाही.

म्हणून नियम घरीच ठरवून कागदावर लिहिलाय. दुपारी एकनंतर कड्यावरच्या जनावरावर गोळी नाही. जिथे दोन पायांवर चालत जाता येत नाही, तिथल्यावर कधीच नाही. पाण्याची शेवटची बाटली उघडली की मागे फिरायचं. त्याने आधी कुरकुर केली, मग सही केली. एक प्रत त्याच्या बायकोकडे आहे, परतायच्या तारखेसकट.

आणि हो, पिशवीत एक साधा कंगवा ठेवा. चोयाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका, काटे बोटांत जातात. कंगवा खाली सरकवून झटक्यात उडवायचा.