अवर्षण आणि शेतकऱ्याचे मन

पावसाने ओढ दिली की पिके सुकतात, विहिरी आटतात आणि दावणीची जनावरे बाजारात न्यावी लागतात. या नुकसानीचा पंचनामा होतो; परंतु त्याच काळात शेतकऱ्याच्या मनावर जो आघात होतो त्याची नोंद कोठेही होत नाही. जमीन, पाणी व हवामान यांची घडी विस्कटली म्हणजे माणसाचे मनःस्वास्थ्यही ढळते, ही गोष्ट गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावयास हवी.

संशोधनाचा निष्कर्ष

मराठवाड्यातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. तेथे २०१४ व २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे अपुरे गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा आपत्तीचा मनाशी असलेला संबंध टॅमा कार्लटन या संशोधिकेने २०१७ साली भारताच्या अनेक दशकांच्या नोंदींवरून दाखविला. पीकवाढीच्या हंगामात एखाद्या दिवसाचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर १ अंशाने वाढल्यास देशात सरासरी सुमारे ७० आत्महत्या अधिक घडतात, असे त्यांना आढळले. इतर महिन्यांतील उष्णतेचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजेच हा आघात मुख्यतः पिकाच्या व उत्पन्नाच्या हानीतून होत असावा.

दुबार पेरणी वाया जाते, कर्ज वाढते व घरातील कार्ये खोळंबतात. पाऊस न पडणे हा आपला दोष नव्हे, हे ठाऊक असूनही शेतकरी अपयश स्वतःच्या माथी घेतो आणि लोकांत तोंड दाखविण्याचे टाळतो. घरातील स्त्रियांवरही हाच भार असतो. मात्र तो क्वचितच बोलून दाखविला जातो.

लक्षणे

झोप न लागणे, अन्नावरील वासना उडणे, शेताकडे न फिरकणे, माणसांत न मिसळणे व दारूचे प्रमाण वाढणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास दुर्लक्ष करू नये. निरवानिरवीची भाषा ऐकू आल्यास तर एक दिवसही दवडू नये.

काय करावे?

१. अशा व्यक्तीस एकांतात भेटावे. उपदेश न करता तिचे म्हणणे ऐकावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते.

२. धोका जाणवल्यास तिला एकटे सोडू नये व घरातील कीटकनाशके तिच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जावे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

४. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व, तसे नव्हते हे सिद्ध झाल्याखेरीज, तिला शिक्षा होत नाही.

५. पीकविमा व कर्जाच्या पुनर्गठनाची कागदपत्रे पूर्ण करण्यास हातभार लावावा. चिंतेचे एखादे कारण जरी दूर झाले तरी मनास उभारी येते.

जमिनीची निगा

आघात झाल्यावर धावून जाण्याबरोबरच तो सौम्य करण्याची तयारीही आधीपासून हवी. बांधबंदिस्ती, शेततळे व मूलस्थानी जलसंधारण यांमुळे पावसाचा खंड काही दिवस तरी सोसता येतो. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतल्यास एक पीक गेले तरी दुसऱ्याची आशा राहते, आणि पडत्या काळात या आशेचे मोल मोठे असते.

या हंगामात पिकांची पाहणी करण्यास निघाल तेव्हा बांधावर क्षणभर थांबा आणि पिकाच्या धन्याचीही विचारपूस करा.