टायर नेमका कुठे झिजला?

दिवाळीच्या आगेमागे लातूर-नांदेड पट्ट्यातले रस्ते एकदम भरून जातात. बाजार समित्यांत सोयाबीनची आवक जोरात असते, साखर कारखान्यांचे गाळप तोंडावर आलेले असते, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरतात आणि पुण्या-मुंबईहून गावाकडे येणाऱ्या मोटारींची त्यात भर पडते. पावसाने उखडलेले रस्तेही याच दिवसांत सर्वांत वाईट अवस्थेत असतात. एमएच-24 आणि एमएच-26 च्या गाडीवाल्यांनी चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यायची ती आत्ताच.

राष्ट्रीय महामार्ग 361 तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठतो. तो आता बराचसा चौपदरी झाला आहे. चाकांची खरी परीक्षा होते ती महामार्ग सोडून आत वळल्यावर. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता वर्षभर खालून हलत राहतो. डांबराला उंचवटे येतात, कडा तुटतात, साइडपट्टी खचते. समोरून ट्रक आला की डावे चाक खाली उतरवावे लागते आणि परत वर घेताना त्या तुटक्या कडेचा तडाखा बसतो. टाय रॉड, बॉल जॉइंट, रबरी बुश हे सगळे मुकाट सोसतात आणि एक दिवस गाडी एका अंगाला ओढू लागते.

वरून पाहिले तर पुढची दोन्ही चाके एकमेकांना जवळपास समांतर हवीत. या मापाला ‘टो’ म्हणतात. समजा, 60 सेंटीमीटर उंचीच्या चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त 3 मिलिमीटर आत वळली आहे. डोळ्यांना हे दिसणार नाही. पण असे चाक दर किलोमीटरला साधारण 5 मीटर आडवे घासत जाते. लातूर ते नांदेड सुमारे 140 किलोमीटर. म्हणजे एका खेपेत टायर जवळपास 700 मीटर आडवा फरफटतो. चांगल्या कंपनीचा टायरसुद्धा अशाने वेळेआधीच गोटा होतो आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो.

टायर कुठे झिजला यावरून कारण कळते. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना खरखरीत, किंवा याच्या उलट लागले, तर टो बिघडला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल, तर चाकाचा उभा कल, म्हणजे ‘कॅम्बर’ तपासायला हवा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉकअप थकले आहेत किंवा बॅलन्सिंग गेले आहे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामे आहेत. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग बघावे.

हवेच्या बाबतीत मराठवाड्यात एक घातक समज आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून ‘टायर फुटेल’ या भीतीने लोक हवा कमी ठेवतात. परिणाम नेमका उलटा होतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. तेवढीच हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी भरावी.

अलाइनमेंटच्या दुकानात आधी हवा, मग जॉइंटमधला खेळ आणि शेवटी मशीन, हा क्रम सोडू नये. ढिला टाय रॉड तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही. बहुतेक छोट्या मोटारींत पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर चुकला असेल तर काहीतरी वाकले आहे, हे समजावे. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागायला संकोच करू नका.

ट्रकचे दुखणे अनेकदा मागे असते. कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले पडले, की धुरा सरकते आणि गाडी तिरकी चालते. तेव्हा पुढची चाके कितीही जुळवली तरी उपयोग नाही. ऊसवाहतूक करणाऱ्यांनी हंगामाआधी एवढे तरी बघावे, कारण जादा भार आधीच टायरचे आयुष्य खातो.

मोटारी आणि ट्रकच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीची 0.8 मिलिमीटर खोल हवी, असा कायदा आहे. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला.

गावी निघण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड मोबाइलच्या उजेडात नीट बघा. तिथे तारा दिसत असतील, तर टायर बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.