स्पीकर चार्ज होत नाही? आधी पोर्ट पाहा

औशाच्या उन्हाळ्यात धूळ सगळीकडे शिरते. शेतात, भजनाला नेलेल्या स्पीकरच्या चार्जिंग पोर्टमध्येही. स्पीकर चार्ज होईना, तर आधी दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून पाहा. मग स्पीकर बंद करून पोर्टमधला कचरा लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई-टाचणी घालू नका. पिना शॉर्ट होतात. केबल लावल्यावर पोर्टच हलत असेल, तर बोर्डावरचे सोल्डर सुटलेले असण्याची शक्यता जास्त. मायक्रो यूएसबीत 5 पिना असतात, टाइप-सीत 24 पर्यंत. म्हणून नवे पोर्ट बसवणे कसलेल्या कारागिराकडेच सोपवा. बोर्डाला हात लावण्याआधी त्याने बॅटरीची वायर काढलीच पाहिजे. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती चार्ज न करता बदलूनच घ्या.