बैठकीतला जुना कॉम्प्युटर आणि मे महिना
पांढुर्णा-सौंसरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टीव्हीला जोडलेला जुना कॉम्प्युटर घरघरू लागतो. ऐन गाण्यात ती घरघर नकोशी होते. पंखा खोलीतल्याच हवेने प्रोसेसर गार करतो. खोली 38 अंशांवर असेल, तर आतला भाग त्याखाली येणारच नाही. म्हणून आधी हवेला वाट द्या. शोकेसच्या बंद खणातून डबा बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा.

मग वायर काढून झाकण उघडा. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा जाड थर बसलेला असतो. ब्रशने तो झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा. मग हीटसिंक काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

आवाजावर खरा उपाय मोठ्या पंख्याचा. 120 मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही 80 मिलिमीटरच्या भरधाव पंख्याइतकी हवा ढकलतो. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर तोच बसवा. हार्डडिस्कऐवजी एसएसडी घातली की खरखरही जाते.

कूलरचा झोत मात्र थेट कॉम्प्युटरवर सोडू नका. ओलसर हवेत धूळ पात्यांना चिकटते आणि मग ब्रशनेही निघत नाही.