मल्टिपल मायलोमा : रक्ततपासणीचा अहवाल कसा समजून घ्यावा?

उदगीर, देवणी, जळकोट, मुखेड तसेच सीमेपलीकडील औराद व कमलनगर भागातील जे रुग्ण मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर हैदराबाद, बार्शी किंवा मुंबई येथे उपचार घेतात, त्यांच्या मधल्या काळातील तपासण्या बहुधा गावाजवळच होतात. अहवाल हाती पडताच नातेवाईक आम्हांस विचारतात, "डॉक्टरसाहेब, आजार वाढला का कमी झाला?" उत्तर देण्यासाठी आधीचे दोन-तीन अहवाल समोर असावे लागतात, आणि नेमके तेच घरी राहिलेले असतात.

अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी रोगप्रतिकारासाठी नाना प्रकारची प्रथिने तयार करतात. मायलोमामध्ये अशा एकाच पेशीचा वंश बेसुमार वाढतो व एकाच साच्यातील प्रथिन रक्तात सोडत राहतो. यास एम-प्रथिन म्हणतात. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत विजेच्या प्रवाहाने रक्तातील प्रथिने वेगवेगळी केली जातात. निरोगी माणसाच्या आलेखात शेवटच्या भागात पसरट टेकडी दिसते, तर या रुग्णांत तेथे बहुधा टोकदार सुळका दिसतो. त्याखालील आकडा म्हणजे एम-प्रथिनाचे प्रमाण होय.

समजा, निदानाच्या वेळी हा आकडा ४.२ ग्रॅम होता व उपचारानंतर १.९ झाला. घट निम्म्याहून अधिक असल्याने औषध लागू पडत आहे असे मानता येते. पुढे तो ०.४ झाला, तर ९० टक्के घट झाली. हा फार चांगला प्रतिसाद होय. मात्र नंतर ०.४ चा ०.६ झाला म्हणून घरात रडारड करण्याचे कारण नाही. आजार उलटला असे आकड्यावरून ठरविण्यासाठी सर्वांत कमी नोंदीपेक्षा किमान २५ टक्के, आणि त्याच वेळी किमान अर्धा ग्रॅम वाढ व्हावी लागते, व ती पुन्हा तपासून पक्की करावी लागते. दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत थोडा फरक पडतोच. म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करावी. या प्रथिनांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार, आयजीजी, रक्तातून निम्मा होण्यास सुमारे तीन आठवडे घेतो. त्यामुळे दर आठवड्यास ही महागडी तपासणी करणे म्हणजे आमच्या मते पैशाचा अपव्यय आहे. "सुळका दिसत नाही" एवढ्या शेऱ्यावर औषध आपल्या मनाने बंद करणे तर घातकच. पूर्ण प्रतिसाद म्हणण्यासाठी इम्युनोफिक्सेशन व अस्थिमज्जेची तपासणीही स्वच्छ यावी लागते.

सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत पूर्ण प्रथिन तयारच होत नाही, केवळ त्याचे हलके तुकडे तयार होतात. त्यांचा इलेक्ट्रोफोरेसिस जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. हे तुकडे लघवीत उतरतात, लंडनचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४० च्या दशकात त्यांचे वर्णन केले, म्हणून लघवीच्या अहवालात आजही त्यांचे नाव आढळते. रक्तात हेच तुकडे 'फ्री लाइट चेन' तपासणीने मोजतात. कप्पा व लॅम्डा यांचे गुणोत्तर साधारणतः ०.२६ ते १.६५ असते; मूत्रपिंडे कमजोर असल्यास सुमारे ३.१ पर्यंतही चालते. येथे एकक अवश्य पाहावे. एक प्रयोगशाळा लिटरमागे आकडा देते, दुसरी डेसिलिटरमागे. परिणामी २५ चे २५० झालेले दिसतात व आजार दहापट वाढल्याचा भास होतो.

तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या साध्या तपासण्यांचे मोल याहून कमी नाही. एकूण प्रथिने ९.८ व अल्ब्युमिन २.९ असल्यास उरलेले ६.९ कोठून आले, ही शंका यावयास हवी. कॅल्शियम १० पाहून समाधान मानू नये, अल्ब्युमिन २.५ असेल तर हिशेबाने ते ११.२ धरावे लागते, आणि ते निश्चितच जास्त आहे. हिमोग्लोबिन आजाराने उतरते तसेच औषधांनीही उतरते. डेक्सामेथासोनमुळे रक्तातील साखर व पांढऱ्या पेशी वाढतात; ती वाढ आजाराची समजू नये.

आमच्या भागात सर्वाधिक जपावयाचा आकडा क्रिएटिनिनचा. हाडे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी मायलोमाच्या रुग्णाची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी करू शकते. भरपूर पाणी पिणे हाही उपचाराचाच भाग आहे; ज्या लातूर शहरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात हा सल्ला देताना आम्हांस संकोच वाटतो, तरीही उन्हाळ्यात तो अधिकच आग्रहाने द्यावा लागतो. हाडांसाठी दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पाठीत नव्याने तीव्र वेदना होऊन पायांतील शक्ती कमी झाली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. हे कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. अशा वेळी अहवालाची वाट न पाहता रुग्णास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात आणावे आणि सोबत जुन्या कागदांची पिशवी घ्यावी.