गाठ, स्कॅन आणि तुकडा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाठ दिसली की डॉक्टर म्हणतात, ‘तुकडा तपासायला पाठवू’, म्हणजेच बायोप्सी करू. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : एवढा महागडा स्कॅन केला, आता सुई कशाला?

गैरसमज : पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच.
वस्तुस्थिती : या स्कॅनसाठी बहुतेक वेळा किरणोत्सारी ग्लुकोज शिरेतून देतात. ते जास्त ओढून घेणाऱ्या पेशी चमकतात. कॅन्सरच्या पेशी चमकतात, तशाच क्षयाच्या गाठीत जमलेल्या दाहाच्या पेशीही. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण खूप. म्हणून नुसत्या चमकेवर केमो सुरू करणं धोक्याचं.

गैरसमज : मशीन नवं, म्हणजे निदान पक्कं.
वस्तुस्थिती : स्कॅनची परीक्षा पेशींसमोरच होते. ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात (2017) प्रोस्टेट कॅन्सरचा संशय असलेल्या 576 पुरुषांचा एमआरआय झाला. नंतर भूल देऊन प्रत्येकाच्या प्रोस्टेटमधून दर 5 मिलिमीटरवर नमुने घेतले आणि नेहमीची सोनोग्राफीच्या मदतीने होणारी बायोप्सीही केली. गंभीर कॅन्सर असलेल्या दर 100 जणांपैकी 93 जण एमआरआयने पकडले, नेहमीच्या बायोप्सीने 48. मात्र असा कॅन्सर नसलेल्या दर 100 जणांपैकी 59 जणांवरही एमआरआयने संशय घेतला. म्हणजे एमआरआय कुणाला सुई लावायची हे चांगलं सांगतो. निकाल मात्र तुकडाच देतो.

गैरसमज : संशय आला त्यांचीच बायोप्सी करून स्कॅनची अचूकता काढता येते.
वस्तुस्थिती : मग स्कॅनमधून निसटलेले कॅन्सर कधी मोजलेच जात नाहीत आणि आकडे फुगतात. ‘प्रॉमिस’मध्ये एमआरआय स्वच्छ आलेल्यांचेही नमुने घेतले, ते याचसाठी.

गैरसमज : तुकडा कधी चुकत नाही.
वस्तुस्थिती : सुई गाठीच्या शेजारून जाऊ शकते. शिवाय एकाच गाठीचे भाग वेगवेगळे असतात. 2012 मध्ये मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर झालेल्या अभ्यासात जनुकीय बदलांपैकी 63 ते 69 टक्के बदल गाठीच्या सगळ्या भागांत सापडले नाहीत. म्हणून नमुना नेमका कुठला, याला फार महत्त्व. स्कॅनमधली जागा आणि तुकडा नेमका जुळावा म्हणून काही संशोधक एमआरआयवरून रुग्णाच्या प्रोस्टेटचा थ्रीडी साचा छापतात. शस्त्रक्रियेत काढलेली ग्रंथी त्यात बसवून स्कॅनच्याच पातळीवर काप घेतात.

गैरसमज : सुई टोचली की कॅन्सर पसरतो.
वस्तुस्थिती : बहुतेक कॅन्सरमध्ये हा धोका अगदी कमी आहे. जिथे तो आहे, तिथे काळजी घेतली जाते. वृषणाच्या गाठीत सुई घालणं टाळतात. हाडाच्या गाठीत सुईची वाट सर्जन आधीच ठरवतात, म्हणजे पुढे ती वाटही गाठीसोबत काढता येते.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘स्कॅन आणि तुकड्याचा रिपोर्ट जुळतो का?’ स्कॅन दाट संशय घेत असेल आणि तुकडा ‘कॅन्सर नाही’ म्हणत असेल, तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. अशा वेळी पुन्हा बायोप्सी सुचवली, तर घाबरून ती टाळू नका.